ज्वारी-बाजरीच्या भाकरीचा खरा फायदा किती आणि कोणाला?

प्रश्न : एक गृहिणी, जुळे सोलापूर

सर्वांना नमस्कार. प्रश्न घरगुती आहे, परंतु तपशील दिल्याशिवाय तो नीट मांडता येणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमच्या घरी आम्ही पाच जण आहोत. सासूबाई बहात्तर वर्षांच्या असून त्यांचे माहेर माढा तालुक्यातले. त्यांनी आयुष्यभर दोन्ही वेळा जोंधळ्याची, म्हणजे ज्वारीची, भाकरी खाल्ली आणि आजही त्यांना ताटात दुसरे काही चालत नाही. बाकीचे आम्ही चौघे मात्र गेली पंधरा वर्षे सकाळी डब्यात पोळी आणि रात्री वरण-भात असेच जेवतो, कारण शाळा आणि नोकरी यांच्या धावपळीत भाकरी थापणे माझ्याकडून मागे पडत गेले. गेल्या महिन्यात सगळ्यांच्या रक्ततपासण्या केल्या. यजमानांची तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ आली, सोळा वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन ९.६ आले, आणि मला थायरॉईडची गोळी चार वर्षांपासून चालू आहेच. डॉक्टरांनी मुलीला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि यजमानांना भात कमी करून रोज चालायला सांगितले.

त्यानंतर एका परिचिताच्या आग्रहावरून आम्ही एका आहार सल्ला केंद्रात गेलो. गहू आणि तांदूळ पूर्ण बंद करा, पाच प्रकारची भरड धान्ये आलटूनपालटून खा, साखर आणि रक्ताची कमतरता दोन्ही बरे होईल, गोळ्यांची गरज उरणार नाही, असे तेथे सांगण्यात आले आणि २,४०० रुपयांची पाकिटे हाती देण्यात आली. त्या भरात मी मुलीच्या गोळ्या आठ दिवस बंद ठेवल्या. ती माझी चूक झाली, आणि डॉक्टरांनी समजावल्यावर गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत.

माझे विचारणे एवढेच आहे की, ज्वारी, बाजरी आणि नाचणी गव्हापेक्षा खरोखर किती सरस आहेत? मुलीला बाजरीतून लोह मिळेल का? थायरॉईड असणाऱ्यांनी बाजरी खाऊच नये असे कोणी म्हणते, ते खरे आहे का? आणि या पाकिटांऐवजी सासूबाईंचा जोंधळाच सर्वांनी खाल्ला तर चालेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर : आहारशास्त्राच्या अध्यापिका, होटगी रस्ता

ताई, गोळ्या पुन्हा सुरू केल्यात हे फार बरे केलेत. हिमोग्लोबिन ९.६ असताना ते केवळ अन्नाने भरून निघण्याची वाट पाहणे योग्य नाही. गोळ्या ही कमतरता भरून काढतील आणि आहार ती पुन्हा होऊ नये याची काळजी घेईल, असे समजून चालावे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. त्यांतील १०० ग्रॅम धान्याचे आकडे पाहिले, तर ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, १०.२ ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह आहे. अख्ख्या गव्हात प्रथिने साडेदहा ग्रॅम, तंतू ११.२ ग्रॅम आणि लोह तेही जवळजवळ ४ मिलिग्रॅमच आहे. म्हणजे न चाळलेल्या कणकेची पोळी खाणाऱ्याने ज्वारीची भाकरी सुरू केली, तर या तीन बाबतींत त्याच्या ताटात विशेष फरक पडत नाही. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण हल्ली गव्हाला विनाकारण बदनाम केले जाते. ज्याला गहू बाधत नाही, त्याने तो पूर्ण सोडण्याचे कारण नाही.

खरा फरक तांदळाशी तुलना केल्यावर दिसतो. सडलेल्या पांढऱ्या तांदळात तंतू केवळ २.८ ग्रॅम आणि लोह ०.६५ मिलिग्रॅम असते, तर बाजरीत तंतू साडेअकरा ग्रॅम आणि लोह ६.४ मिलिग्रॅम असते. तुमच्या घरातील एखादी व्यक्ती दिवसाकाठी दीडशे ग्रॅम तांदळाचा भात खात असेल आणि त्याजागी तेवढ्याच बाजरीच्या भाकऱ्या खाऊ लागली, तर तंतू चार ग्रॅमवरून सतरा ग्रॅमवर जातात आणि लोह एक मिलिग्रॅमवरून साडेनऊ मिलिग्रॅमच्या पुढे जाते. त्यामुळे कोणते धान्य खाता याइतकेच ते कशाच्या जागी खाता हेही महत्त्वाचे आहे. पोळी-भात होता तसाच ठेवून वर नाचणीची बिस्किटे खाल्ली, तर हाती काही लागत नाही, उलट साखर आणि तेल मात्र वाढते.

यजमानांच्या साखरेविषयी. ६.२ हा आकडा मधुमेहाच्या आधीच्या टप्प्यातला आहे आणि या टप्प्यावर आहाराने पुष्कळ साधता येते. भरड धान्ये आणि रक्तशर्करा यांवरील अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात या धान्यांचा ग्लायसेमिक निर्देशांक (अन्न रक्तातील साखर किती वेगाने वाढवते याचे माप) सरासरी ५२.७, म्हणजे पांढरा तांदूळ आणि मैदा यांच्यापेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी कमी आढळला. मात्र ही सरासरी आहे. धान्य जितके बारीक दळाल आणि जितके पातळ शिजवाल, तितके ते लवकर पचून साखर लवकर वाढवते. नाचणीचे वस्त्रगाळ सत्त्व दुधात शिजवून गूळ घालून प्यायल्यावर तासाभराने साखर मोजली, तर नाचणी पथ्याची असते हा समज टिकत नाही. त्याच नाचणीची जाडसर पिठाची भाकरी पालेभाजी आणि उसळीबरोबर खाल्ली, तर परिणाम वेगळा दिसतो. शिवाय भाकरीतही ऊर्जा असतेच. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातून साधारण ३३० किलोकॅलरी मिळतात, म्हणून ‘भाकरीच आहे’ असे म्हणून चार-चार भाकऱ्या खाणे यजमानांना परवडणार नाही.

मुलीविषयी. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांच्या सहकार्याने ‘धनशक्ती’ नावाचे अधिक लोहयुक्त बाजरीचे वाण तयार झाले. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात निवासी शाळांतील १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने अशा अधिक लोहाच्या बाजरीच्या भाकऱ्या देऊन चाचणी घेण्यात आली आणि त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा वाढल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. ज्यांच्यात आधीपासून लोहाची कमतरता होती, त्यांना अधिक लाभ झाला. म्हणजे बाजरीतले लोह अंगी लागते. पण धान्यातील फायटेट नावाचा घटक ते बरेचसे अडवून धरतो, त्यामुळे तक्त्यातील आकडा आणि रक्तात पोहोचणारे लोह यांत मोठे अंतर असते. हे अंतर कमी करण्याचे उपाय घरातलेच आहेत. जेवणात लिंबू पिळावे, हंगामात पेरू, आवळा किंवा बोरे खावीत, कारण क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा घेऊ नये. आपल्याकडे शाळेतून आलेल्या मुलींना चहा-चपाती देण्याची पद्धत आहे. तेवढी तरी बंद करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नाचणीची जमेची बाजू म्हणजे कॅल्शियम. शंभर ग्रॅममध्ये ते ३६४ मिलिग्रॅम असते, तर ज्वारी, बाजरी आणि गहू यांत ते चाळीसच्याही खालीच असते. मोठ्या माणसाची रोजची गरज १,००० मिलिग्रॅम धरली जाते, हे पाहता सासूबाईंना आणि तुम्हालाही आठवड्यातून तीन-चार वेळा नाचणी अवश्य चालेल.

थायरॉईडचा प्रश्न अगदी निराधार नाही. बाजरीतील काही फ्लेवोन घटक थायरॉईड ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात आणि सुदानमधील ज्या भागात बाजरी हेच मुख्य अन्न आहे, तेथे गलगंडाशी त्याचा संबंध अभ्यासला गेला आहे. परंतु तुमच्या घरी बाजरी हे बारमाही मुख्य अन्न होणार नाही. थंडीत आठवड्यातून दोन-तीन वेळा भाकरी खाल्ली, मीठ आयोडीनयुक्त वापरले आणि गोळी वेळेवर घेतली, तर काळजीचे कारण दिसत नाही. तरी पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घालावे. गोळी उपाशीपोटी घेऊन अर्धा ते एक तास काही खाऊ नये, आणि नाचणीची आंबील तर त्याच्याही नंतर बऱ्याच वेळाने घ्यावी, कारण कॅल्शियमने त्या गोळीच्या शोषणात अडथळा येतो.

आणखी एक गोष्ट, जी ज्वारीचे गुणगान करताना सहसा कोणी सांगत नाही. १९६० च्या सुमारास पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या पठारावर प्रामुख्याने ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा या, नायसिन जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराचा अभ्यास केला. ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसिन हे अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असते आणि त्यामुळे नायसिनचे गणित बिघडते, अशी मांडणी त्यांनी केली. यात दोष ज्वारीला द्यायचा नाही, तिच्या जोडीला काहीच नसण्याला द्यायचा आहे. ज्वारीत लायसिन हे दुसरे अमिनो आम्लही कमी असते आणि ते डाळीत भरपूर असते. म्हणून भाकरीसोबत मटकी, हुलगा किंवा तुरीचे वरण हवेच. आपल्या सोलापूरची शेंगाचटणी चवीला उत्तम आहे आणि तिच्यात प्रथिनेही आहेत, पण शेंगदाण्यातही लायसिन कमीच असते, त्यामुळे नुसती भाकरी आणि चटणी म्हणजे पूर्ण जेवण नव्हे.


उत्तर : शाळू पिकवणारा शेतकरी, मंगळवेढा तालुका

बाईंनी फार नेमके सांगितले आहे. मी पिकवणाऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते ‘होय’ असे आहे. पाकिटे राहू द्या आणि सासूबाईंचा जोंधळा सर्वांनी खा. आपल्या जिल्ह्यात जी रब्बी ज्वारी होते, तिला आम्ही शाळू म्हणतो आणि त्यात मालदांडीचा मान पहिला आहे. मालदांडी ३५-१ हे वाण याच भागातल्या स्थानिक मालदांडीतून मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडले गेले आणि इतक्या वर्षांनीही भाकरीसाठी त्याच्या तोडीचे वाण शोधावे लागते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. आमची जमीन खोल आणि काळीभोर आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरले की पुढे पाऊस नसला तरी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर पीक उभे राहते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही ते मुळासकट उपटून काढतो. दाणा भरताना त्यावर पाऊस पडत नाही, म्हणून तो मोत्यासारखा पांढरा आणि टणक राहतो. खरिपाची ज्वारी पावसात सापडली की दाणा काळा पडतो आणि त्यावर बुरशी धरते, तशी ज्वारी खाण्यासाठी घेऊ नये.

घेताना मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहावेत. फार चकचकीत आणि एकसारखा गुळगुळीत दाणा दिसला, तर तो पॉलिश केलेला असण्याची शक्यता असते. वरचा पापुद्रा घासून काढला की तंतू आणि लोह यांचा बराच भाग त्याच्याबरोबर जातो. चांगल्या शाळूच्या दाण्याला मंद चमक असते आणि दाताखाली तो कट्कन फुटतो. वर्षाचे धान्य एकदम भरणार असाल, तर दोन-तीन कडक उन्हे देऊन कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावे. पीठ मात्र आठवडाभरापुरतेच दळावे. बाजरीच्या पिठाबाबत तर हे काटेकोरपणे पाळावे, कारण बाजरीत तेलाचा अंश पाच टक्क्यांहून अधिक असतो, आणि पीठ झाले की तो हवेशी येऊन आठ-दहा दिवसांत कडवट आणि खवट होतो. पाकिटातले बाजरीचे पीठ कडू लागते ते याच कारणाने, त्यात धान्याचा दोष नसतो.

लोह आणि जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण परभणीच्या विद्यापीठाने २०१८ मध्ये दिले आहे. मिळाले तर अवश्य घ्यावे. पण ते मिळत नाही म्हणून अडून बसण्याचे कारण नाही. गावरान शाळू न चाळता खाल्ला, तरी तुमचे काम होईल.


उत्तर : कडक भाकरीचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या काकू, सोलापूर

बाळ, तू भाकरी मागे पडली असे लिहिलेस, म्हणून मी फक्त करण्याविषयी सांगते. पोषणाचे वरच्यांनी सांगितले आहे, त्यात मला बोलण्यासारखे काही नाही.

बहुतेकींची भाकरी मोडते ती पाणी गार असल्यामुळे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो उकळत्या पाण्यानेच आणावा लागतो. परातीत पिठाचे आळे करून त्यात उकळते पाणी घालावे, उलथन्याने कालवून दोन मिनिटे झाकून ठेवावे आणि मग तळहाताच्या टाचेने भरपूर मळावे. एका वेळी एकाच भाकरीपुरते पीठ मळावे. थापताना कडा फुटत असतील, तर पिठाची विरी, म्हणजे चिकटून राहण्याची ताकद, गेली आहे असे समजावे. ते पीठ थालीपिठाला वापरावे आणि भाकरीसाठी नवे दळण आणावे. तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर येते. तिच्यावरून पाण्याचा हात लगेच, पण हलका फिरवावा. पाणी सुकत आले की उलटावी, ती बाजू पुरती भाजू द्यावी आणि मग पहिली बाजू सरळ जाळावर धरावी. पापुद्रा टम्म सुटला की भाकरी आतून शिजली. पीठ चाळायचेच असेल, तर जाड चाळणीने कचऱ्यापुरते चाळावे आणि कोंडा टाकू नये.

घाईच्या दिवसांसाठी कडक भाकरी घरात असू द्यावी. ती पातळ थापून मंद आचेवर पूर्ण वाळेपर्यंत शेकलेली असते, त्यामुळे महिनाभरही टिकते आणि डाळकांद्यात किंवा आमटीत कुस्करून पोटभरीचे जेवण होते. तुझ्या मालकांनी ती नुसती चटणी-तेलाबरोबर खात बसू नये, एवढे मात्र पाहा.

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. तिच्यामुळे आमच्या पिढीतल्या पुष्कळ घरांत जोंधळा म्हणजे गरिबीचे अन्न असे झाले आणि हातात चार पैसे आल्याबरोबर लोकांनी पोळी धरली. ज्यांनी शाळू खाल्ला त्यांनी कधी तसे म्हटले नाही.


उत्तर : एका बाधित मुलाचे वडील, विजापूर रस्ता

एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. माझ्या मुलाला सीलिअॅक हा आजार आहे आणि त्याला गव्हातील ग्लुटेन अजिबात चालत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, राळा आणि वरई या सर्वांत ग्लुटेन नसते, त्यामुळे आमच्या घरात या धान्यांचे मोल वेगळेच आहे. मात्र सुरुवातीचे सहा महिने ज्वारीच देत असूनही त्याचे पोट दुखणे थांबत नव्हते. शेवटी लक्षात आले की, गिरणीत आमच्या आधी गव्हाचे दळण झालेले असे आणि जात्यात उरलेले गव्हाचे पीठ आमच्या ज्वारीत येत असे. आता आम्ही घरी छोटी चक्की घेतली आहे आणि तिच्यात गहू कधीही घालत नाही. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी दळणाकडे लक्ष द्यावे. ताई, तुमच्या घरी हा प्रश्न नसल्याने गिरणीचे पीठ तुम्हाला निर्धास्त चालेल.


प्रश्नकर्त्या गृहिणी, जुळे सोलापूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पाकिटांचे काय करायचे ते ठरले. एका पाकिटावर ‘नाचणी’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते, परंतु मागच्या बाजूस घटकांच्या यादीत पहिले नाव मैद्याचे, दुसरे साखरेचे आणि नाचणीचे चौथे निघाले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, हे मला यजमानांनी दाखवून दिले.

गेले दीड महिना रात्रीचा भात बंद करून आम्ही सर्वजण शाळूची भाकरी खात आहोत आणि रविवारी बाजरीची. काकूंनी सांगितल्याप्रमाणे उकळत्या पाण्याने पीठ भिजवल्यापासून कडा फुटणे थांबले. मुलगी आजीजवळ बसून थापायला शिकते आहे. तिची पहिली भाकरी परातीतून उचलताना मधोमध फाटली, तेव्हा सासूबाईंनी तिच्या बोटांवर स्वतःची बोटे ठेवून, भाकरी उचलायची नसते, परात फिरवत तळहातावर घ्यायची असते, हे दाखवले. दुसरी साबूत तव्यावर गेली. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, चहा बंद आहे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी आहे.

एकच अडचण उरली आहे. यजमानांना भाकरीने पोट फुगल्यासारखे वाटते. प्रमाण कमी करावे का?


उत्तर : आहारशास्त्राच्या अध्यापिका, होटगी रस्ता

भातातून एकदम भाकरीवर आल्यामुळे तंतू दुपटीहून अधिक वाढले आहेत, त्यामुळे पहिले काही आठवडे असे होणे स्वाभाविक आहे. पाणी वाढवावे, दोनऐवजी दीड भाकरी घेऊन सोबत ताक आणि शिजवलेली भाजी वाढवावी, आणि रात्रीची उसळ काही दिवस दुपारी हलवून रात्री मुगाचे वरण ठेवावे. आठवड्यातून दोनदा भाकरीऐवजी रात्रभर ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील देऊन पाहा. आंबवल्याने फायटेटही कमी होते आणि पोटालाही ती सोसते. मात्र साखरेचा विचार करता आंबील घट्टसर ठेवावी, तिच्यात गूळ घालू नये आणि जिरे-लसणाची फोडणी द्यावी. पंधरा दिवसांनीही त्रास राहिला, तर डॉक्टरांना दाखवावे, आणि मुलीच्या तपासणीचा आकडा आल्यावर येथे अवश्य कळवावे.